उत्तर देणारांचा आळस

शिकणाराने प्रश्न विचारला असता त्यास किती सांगावे व किती त्याचे त्याने शोधून काढावे म्हणून ठेवावे, हा विषय दिसण्यात अगदी लहान आहे. कोणत्या परिषदेत त्यावर ठराव होत नाहीत, की निवडणुकीत त्यावर कोणी मते मागत नाही. तथापि रोज सायंकाळी दिवे लागले म्हणजे ज्या ज्या घरात शिकणारे मूल आहे त्या त्या घरात हा प्रश्न उपस्थित होतो, आणि तेथे त्याचा जसा निकाल लागतो तशी पुढची पिढी घडते. मूल वही घेऊन येते, ‘हे कसे करायचे?’ म्हणून विचारते, आणि त्याच क्षणी बापाला, आईला, थोरल्या भावाला किंवा शिकवणीच्या मास्तरांना काहीतरी ठरवावे लागते. ते काय ठरवितात व का ठरवितात, याची थोडी झडती घेण्याचा आज आमचा विचार आहे.

या बाबतीत आमच्या सुशिक्षित वर्गात दोन पक्ष आहेत. पहिल्यास आपण उदार पक्ष म्हणू. विचारले की सांगावे, सगळे सांगावे, आणि मुलाच्या तोंडावरची चिंता घालवावी, हा या पक्षाचा बाणा. दुसरा पक्ष कठोर. ‘स्वतः डोके चालव, आम्हांला कोणी सांगायला बसले होते?’ हे त्याचे ठरलेले वाक्य. उदार पक्ष कठोरांस निर्दय म्हणतो, कठोर पक्ष उदारांस लाडावून ठेवणारे म्हणतो, आणि हा वाद दया व शिस्त यांचा आहे असे दोघांसही प्रामाणिकपणे वाटते. आमचे म्हणणे असे की, हा वाद मुळातच खोटा आहे. पूर्ण उत्तर देणारा व मुळीच उत्तर न देणारा, हे दोघेही एकच गोष्ट साधीत असतात. विचारणारा आपल्यापुढून लवकर उठावा, ही ती गोष्ट. एक त्याला लाडू देऊन घालवितो, दुसरा डोळे वटारून घालवितो. परंतु घालवितात दोघेही. त्याच्या शेजारी बसून, त्याच्या मनात नेमके काय चालले आहे हे पाहण्याचे जे खरे कष्टाचे काम, ते दोघांनीही टाळलेले असते.

प्रथम उदार पक्ष घेऊ, कारण सध्या तोच बलिष्ठ आहे. तिसरीतला एक मुलगा ५०३ मधून २७८ वजा करून ३७५ असे उत्तर लिहितो. बाप वर्तमानपत्रावरून नजर काढून पाहतो, ‘चूक, २२५ लिही’ म्हणतो, आणि पुन्हा पत्रात शिरतो. मुलगा २२५ लिहितो. दुसऱ्या दिवशी शाळेत वहीवर बरोबरची खूण होते, बाईंस वाटते मुलास गणित आले, आणि बापास वाटते आपण मुलाकडे लक्ष देतो. तिसऱ्या दिवशी तोच मुलगा ६०४ मधून १८७ वजा करून ५८३ लिहितो. मग ‘कितीदा सांगितले तरी याच्या डोक्यात शिरत नाही’ असा त्याचा उद्धार होतो. वास्तविक त्यास एकदाही काही सांगितलेले नाही. ३७५ हे उत्तर त्याने कसे आणले हे कोणी विचारले असते, तर त्याने निरागसपणे सांगितले असते की, प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेले सात, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे त्याची चूक निष्काळजीपणाची नसून नियमबद्ध आहे. त्याने एक खोटा नियम मनोभावे पाळला आहे. २२५ हा आकडा त्या नियमाच्या केसालाही धक्का लावीत नाही.

आता हेच साह्य दुसऱ्या रीतीने करून पाहा. ‘बरे, तुझे उत्तर ३७५ ना? मग त्यात २७८ मिळवून पाहू, ५०३ येतात का?’ एवढेच म्हणावे. बेरीज ६५३ येते. काहीतरी बिनसले आहे हे आता बापाने सांगावयास नको. मुलाने ते स्वतः पाहिले. त्यानंतर त्याच्या हाती शंभराच्या पाच खोट्या नोटा व तीन सुटे रुपये द्यावेत, आणि यातून दुकानदारास २७८ रुपये दे म्हणावे. आठ रुपये द्यावयास त्याच्याजवळ सुटे नाहीत. शंभराची नोट मोडल्याखेरीज गत्यंतर नाही. ती मोडावी लागते हे एकदा त्याच्या ध्यानात आले म्हणजे मधल्या शून्याचे कोडे त्याचे त्यासच सुटते. या साह्याला दहा मिनिटे लागतात. २२५ सांगावयास दोन सेकंद. या दोहोंतील जे अंतर त्यासच आम्ही उदार पक्षाचा आळस म्हणतो. ज्यास तो प्रेम म्हणतो ती वस्तुतः वेळेची काटकसर आहे.

या काटकसरीवरच आमच्याकडे एक मोठा व्यापार उभा आहे. धड्याखालचा प्रश्न मुलाने पुरता वाचण्यापूर्वीच त्याचे उत्तर छापून देणारी गाइडे घरोघरी आहेत. निबंध लिहिण्यास शिकविण्याऐवजी निबंधच पुरविणारे क्लास आहेत. आणि प्रकल्पवहीचा प्रकार तर सर्वांवर कडी करतो. शाळा मुलास ‘प्रकल्प’ सांगते, आई रात्री बारापर्यंत जागून चित्रे कापून चिकटविते, बाप मथळे लिहितो, आणि सकाळी मुलगा ते ओझे शाळेत पोचवितो. त्या वहीस मिळालेले गुण वास्तविक कोणाच्या नावे मांडावेत, हे शिक्षकांनीच सांगावे.

एवढे वाचून कठोर पक्षाचे लोक माना डोलवीत असतील, म्हणून आता त्यांच्याकडे वळू. त्यांचे आवडते उदाहरण एकलव्याचे. मातीचा पुतळा करून पोराने धनुर्विद्या मिळविली. ज्याला शिकायचे आहे तो असा शिकतो. त्यास काही सांगावे लागत नाही, असे हे म्हणतात. कथा आम्हांसही ठाऊक आहे. परंतु तिच्यात गुरूचे स्थान कोणते हे या मंडळींनी पाहिलेले दिसत नाही. एकलव्य आधी द्रोणाचार्यांकडे विचारावयास गेला होता. निषादाचा पुत्र म्हणून त्यांनी त्यास परत पाठविले, आणि पुढे त्याने स्वतःच्या बळावर विद्या मिळविली तेव्हा दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागून घेतला. या कथेत थोरवी सारी शिष्याची आहे. जो शिक्षक एकलव्याचे नाव घेऊन विद्यार्थ्यास दारातून परत लावतो, त्याने आपण त्या कथेत कोणाच्या जागी उभे आहो हे एकदा पाहावे. शिष्याचा पराक्रम हा गुरूच्या नकाराचे समर्थन होऊ शकत नाही.

यांचे दुसरे उदाहरण सॉक्रेटिसाचे. तो म्हणे कधी काही सांगत नसे, केवळ विचारीत असे. प्लेटोच्या ‘मेनो’ नामक संवादात सॉक्रेटिस एका अशिक्षित दासपुत्रास भूमितीचा प्रश्न घालतो, तो या संबंधात नेहमी पुढे करितात. दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कोणत्या बाजूवर होईल, असा तो प्रश्न. मुलगा प्रथम चार फूट म्हणतो. क्षेत्रफळ आठाऐवजी सोळा भरते. मग तीन म्हणतो. ते नऊ भरते. आता तो खरोखरच कुंठित होतो. येथपर्यंतची कथा आमचे कठोर मित्र सांगतात व थांबतात. पुढे काय होते? पुढे सॉक्रेटिस स्वतः आकृतीत कर्ण काढून दाखवितो, आणि त्या कर्णावरचा चौरस केवढा होईल हे मुलाकडून मोजवून घेतो. कर्ण मुलास सुचला नाही. तो सॉक्रेटिसाने दिला. पण केव्हा दिला? मुलाचे दोन मार्ग त्याच्याच हातून खोटे ठरल्यावर. आणि किती दिला? एक रेघ. बाकीची मोजणी मुलाची.

आमच्या परंपरेतील साक्ष हवी असेल तर तैत्तिरीयोपनिषदातील भृगूची कथा पाहावी. भृगू आपल्या बापाकडे, वरुणाकडे, जाऊन ब्रह्म म्हणजे काय ते शिकवा म्हणतो. वरुण त्यास हाकलून देत नाही, की सिद्धान्त पढवून मोकळाही होत नाही. ज्यापासून भूते उत्पन्न होतात, ज्याच्यायोगे जगतात व ज्यात शेवटी विलीन होतात ते ब्रह्म, अशी एक कसोटी तो देतो, आणि तप करून जाणून घे म्हणतो. भृगू तप करितो व अन्न हे ब्रह्म असे ठरवितो. एवढ्याने समाधान न होऊन पुन्हा बापाकडे येतो. पुन्हा तीच आज्ञा. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, आणि शेवटी आनंद. दर खेपेस मुलाने परत यावे आणि दर खेपेस बापाने त्यास भेटावे, हे या कथेतील मर्म आहे. वरुणाचे दार कधी बंद नव्हते. आणि त्याने उत्तरही कधी हातावर ठेविले नाही. त्याने दिली ती कसोटी, म्हणजे आपले उत्तर आपणच पारखून पाहण्याचे साधन. वर सांगितलेल्या तिसरीतल्या मुलास ‘मिळवून पाहा, ५०३ येतात का’ असे विचारणे हे त्याच जातीचे साह्य होय.

यावरून जो नियम निघतो तो असा. साह्याचे माप प्रश्नावरून ठरवू नये. विचारणारा कोठपर्यंत येऊन पोचला आहे यावरून ते ठरवावे. प्रश्न आला की उत्तर देणाराने प्रथम स्वतःच एक प्रश्न करावा: ‘तू काय करून पाहिलेस?’ त्याचे जे उत्तर येईल त्यावर पुढची एकच पायरी दाखवावी, आणि थांबून पाहावे. चढला तर हात काढून घ्यावा. अडखळला तर थोडा अधिक द्यावा. जॉर्ज पोल्या या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने गणिते सोडविण्याच्या रीतीवर १९४५ साली जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले त्याच्या आरंभीच, शिक्षकाचे साह्य फार अधिक नसावे व फार कमीही नसावे, विद्यार्थ्याच्या वाट्यास कामाचा रास्त भाग राहावा, असे तत्त्व घालून दिले आहे. पुढे १९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर व गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांस लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचावयास देऊन, शिकविणाराचे साह्य कसे चालते याचा अभ्यास केला, आणि त्या साह्यास इमारतीच्या परांचीची उपमा दिली. ही उपमा आमच्या उभय पक्षांनी ध्यानात धरण्यासारखी आहे. परांचीशिवाय भिंत उंच जात नाही. आणि भिंत पुरी झाल्यावर परांची जो उतरवीत नाही त्याच्या घरात कोणास राहता येत नाही.

या नियमास एक अपवाद आहे, आणि तो न सांगितल्यास आमच्या लिहिण्याचा विपर्यास होईल. जी गोष्ट कितीही विचार केला तरी विचाराने मिळण्यासारखी नाही, ती विचारताच सांगून टाकावी. नर्मदा अमरकंटकास उगम पावते हे कोणाही मुलास तर्काने काढता येणार नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ, एखाद्या चिन्हाचे नाव, भाषेतील एखादी रूढी, ही सांगावयाची किंवा कोश व नकाशा पुढे ठेवून दाखवावयाची. तेथे ‘विचार कर’ म्हणणे हा शुद्ध छळ होय. उलट, जी गोष्ट विचाराने मिळू शकते ती एकेका पायरीने द्यावी. आमच्या घरांतून याच्या बरोबर उलट चालते. शब्दाचा अर्थ विचारला की ‘एवढेही येत नाही?’ म्हणून पोरास झिडकारतात, आणि गणित विचारले की सोडवून देतात! आणखी असे की, मूल थकून रडकुंडीस आले असेल तर त्या रात्रीपुरते उत्तर सांगून त्यास झोपू द्यावे. गणित सकाळीही तेथेच असते.

आता आक्षेप. पहिला वेळेचा. शिक्षक म्हणतील, वर्गात साठ मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास. प्रत्येकाच्या वाट्यास पस्तीस सेकंद येतात. तेवढ्यात कोणाचे काय चुकले हे केव्हा पाहावे? ही तक्रार खरी आहे, आणि तिचा दोष शिक्षकांकडे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत ३० मुलांमागे व सहावी ते आठवीपर्यंत ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा असे प्रमाण ठरविले ते उगाच नव्हे. जेथे ते पाळले जात नाही तेथे शिक्षकास उत्तर फळ्यावर लिहून मोकळे होण्याखेरीज उपाय उरत नाही, आणि त्याबद्दल पालकांनी शिक्षकांशी नव्हे, व्यवस्थेशी भांडले पाहिजे. परंतु घरात एकच बाप व एक किंवा दोन मुले असता हा आक्षेप पुढे करणे हास्यास्पद आहे. जो बाप मोबाइलवर रोज तासभर घालवितो त्यास दहा मिनिटे नाहीत हे आम्ही मानीत नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. गुण हवेत, गुणांसाठी उत्तरे हवीत, तुमचे तत्त्वज्ञान घेऊन महाविद्यालयात प्रवेश मिळत नाही. यावर आमचे उत्तर एवढेच की, परीक्षेच्या दालनात बाप, क्लास व गाइड यांपैकी कोणासही आत सोडीत नाहीत. तेथे मुलगा एकटाच बसतो. जे त्याने स्वतः केले आहे तेच तेथे त्याच्याबरोबर जाते.

आणि हे केवळ आमचे अनुमान नव्हे. नोव्हेंबर २०२२ पासून उदार पक्षास असा एक साह्यकर्ता लाभला आहे की जो थकत नाही, रागावत नाही व कधी ‘उद्या ये’ म्हणत नाही. मोबाइलवर प्रश्न टाकला की गणित सुटते, निबंध उतरतो, पत्र तयार होते. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर या यंत्राचा प्रयोग करण्यात आला; त्याचे निष्कर्ष २०२४ साली पुढे आले. ज्यांना सरावाच्या वेळी ते मोकळेपणी वापरू दिले, त्यांची सरावातील कामगिरी इतरांहून ४८ टक्क्यांनी सरस ठरली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा ज्यांस ते कधी मिळालेच नव्हते त्यांच्याहून हीच मुले १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या एका गटाच्या यंत्रावर निर्बंध होता: उत्तर सांगू नये, शिक्षकांनी योजिलेल्या सूचना तेवढ्या द्याव्यात. त्या गटाची सरावातील सरशी तर १२७ टक्के होती, आणि परीक्षेतील हानी बहुतांशी टळली. विशेष लाभ त्यांसही झाला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कारण सूचना ऐकणे व विचार करणे या शेवटी दोन भिन्न गोष्टी आहेत. तरी एवढे उघड झाले की, यंत्र तेच, विषय तोच, मुले त्याच शाळेतली. फरक पडला तो साह्याच्या मापाने. तेव्हा दोष केवळ यंत्राच्या माथी मारून चालणार नाही. ‘२२५ लिही’ म्हणणारा बाप या यंत्राच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरांत नांदत आहे.

शेवटी, ज्याच्यामुळे हा विषय आम्हांस केवळ घरगुती वाटत नाही ती गोष्ट सांगतो. सुशिक्षित घरातील मुलास शाळेतून परत लावले तर त्यास आई आहे, बाप आहे, क्लास आहे, पुस्तकांचे कपाट आहे. परंतु ज्याच्या घरात अक्षर प्रथम त्याच्याच पायांनी आले, त्या मुलास विचारावयास जगात एकच माणूस असते. ते म्हणजे वर्गातले शिक्षक. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ज्यांस कोणी विचारूच देत नव्हते त्यांस विचारण्याची जागा त्यांनी करून दिली. त्या जागी आज बसलेला मनुष्य ‘स्वतः डोके चालव’ म्हणून पाठ फिरवील, तर तो मुलाचा शेवटचा दरवाजा बंद करितो. आणि तयार उत्तर हातात कोंबील, तर दरवाजा उघडून आत भिंत बांधितो. या मुलाने पुन्हा विचारावयास यावे की न यावे, हे पहिल्या भेटीतच ठरून जाते.

म्हणून पालकांस व शिक्षकांस आमचे सांगणे असे की, आपण उदार आहो की कठोर या विचारात पडू नका. मूल वही घेऊन आले म्हणजे हातातले काम खाली ठेवा, त्यास शेजारी बसवा, आणि त्याने काय केले ते त्याच्या तोंडून ऐका. किती सांगावे हे त्या ऐकण्यातूनच कळते. ज्यास ऐकण्यास वेळ नाही त्याने सांगू नये. आणि ज्यास मुलाचे शिक्षण हवे आहे त्याने हा वेळ नाही असे म्हणू नये.